सात महिने एकच शब्द

रंगनाथ सरांचा मी नावडता विद्यार्थी असतो तर बरं झालं असतं. निदान आज एवढी लाज वाटली नसती.

कसबा पेठेत, तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांच्या बोळात, सरांच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत इंग्रजीचा क्लास आणि दाराबाहेर एक काळी पाटी. त्या पाटीवर रोज सकाळी ते एक जुना इंग्रजी शब्द लिहायचे, खाली मराठी अर्थ आणि कोपऱ्यात एका विद्यार्थ्याचं नाव. ज्याचं नाव, त्याने शब्द वापरून वाक्य लिहायचं, तेही स्वतःच्या आयुष्यातलं आणि खरं. वाक्य आल्याशिवाय शब्द पुसायचा नाही, हा नियम. येणारे-जाणारेसुद्धा थांबून वाचायचे.

मी हिंगण्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. पंच्याऐंशी साली आठवीत क्लासला गेलो, तर पहिल्याच दिवशी "सर, माझं नाव रणजित हाय" म्हणालो आणि सगळा क्लास खो खो हसला. कान लाल झाले माझे. सर शांतपणे म्हणाले, "हसू नका. तो घरची आणि शाळेची अशा दोन भाषा घेऊन आलाय, तुमच्याकडे एकच आहे." परत कुणी हसलं नाही. मी इंग्रजी शिकलो ते त्या एका वाक्याच्या जोरावर.

पुढे कॉम्प्युटरचे दिवस आले. आमच्या शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्या आणि मी कोथरूडच्या एका कंपनीत टीमचा प्रमुख झालो. दोन हजार साली आमच्या नव्या पोरापोरींना अमेरिकन गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायला शिकवायचं होतं. मीच छाती ठोकून म्हणालो, "माझे सर आहेत ना!"

सर बसने आले. इस्त्रीचा कोट, खिशात स्वतःचा खडू. पांढऱ्या बोर्डावर खडू उठेना, तेव्हाच पोरं फिदीफिदी हसायला लागली. मग सर तोंडी शिकवायला लागले, तेच त्यांचे दोनशे वर्षांपूर्वीचे शब्द. मागे अमेरिकेहून आलेले साहेब घड्याळ बघत होते. माझी चुळबुळ सुरू झाली. सर म्हातारे दिसत होते आणि त्यांना आणणारा मी होतो.

मी उठलो आणि चाळीस जणांसमोर म्हणालो, "सर, बास करा आता. इथं जिवंत माणसांशी बोलायचं असतं, मेलेल्यांशी नाही."

काय हशा पिकला म्हणून सांगू! आणि मीही हसलो, अहो, सगळ्यात मोठ्यांदा मीच हसलो. सरांनी खडू खिशात ठेवला, "थँक यू, रणजित," म्हणाले आणि निघाले. मी त्यांना दारापर्यंतसुद्धा सोडायला गेलो नाही.

दोन दिवसांनी जिवाला चैन पडेना म्हणून स्कूटर काढून कसब्यात गेलो. पाटीवर शब्द होता, 'कॉन्ट्युमली'. खाली अर्थ : 'चारचौघांत उर्मटपणे केलेली मानहानी'. कोपऱ्यात नाव : रणजित. मी स्कूटर बंदसुद्धा केली नाही. तशीच वळवली आणि पळालो. पुसतील उद्या, असं मनाला समजावलं.

सात महिने मी त्या बोळात फिरकलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. कसलं उद्या! तोंड दाखवायची हिंमत नव्हती, दुसरं काय?

शेवटी एका रविवारी गेलो. पाटीवर तोच शब्द, तेच नाव, अक्षरं मात्र ताजी. सरांच्या पत्नी, विमलाबाई, दारात उभ्या होत्या.

"काकू, हे अजून पुसलं नाही?"

"वाक्य कुठे आलंय? खडू उडाला की हे पुन्हा गिरवतात."

"आणि क्लास?"

"रोज नवा शब्द म्हणून पोरं यायची. एकच शब्द किती दिवस वाचतील? दिवाळीनंतर कुणी येत नाही."

मी पाटीखालचा खडू उचलला आणि इंग्रजीत लिहिलं : 'ज्यांनी माझ्यावर कुणाला हसू दिलं नाही, त्या सरांची मी चाळीस जणांत कॉन्ट्युमली केली आणि स्वतः हसलो.'

सर बाहेर आले. चष्मा पुसून सावकाश वाचलं.

"वाक्य खरं आहे," ते म्हणाले. "आठवीत मात्र तुला एवढा वेळ लागत नसे."

"सर, चुकलो मी. पण तुम्ही पुसून का नाही टाकलंत? माझ्यापायी क्लास गेला तुमचा!"

"नियम माझा होता. मीच मोडायचा?" त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं. "पूस आता. उद्याचा शब्द लिहायचाय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आधी मी कसब्यात गेलो. पाटीवर नवा शब्द होता, सुबक अक्षरात. कोपऱ्यात माझंच नाव होतं. दुसरं लिहायला सरांकडे नाव उरलं नव्हतं.