जांभळ्यानंतरचा निळा

वर्लिन, आता शवपेटीतून तू मध्ये तोंड घालू शकत नाहीस, म्हणून सरळच सांगते: तुझ्या पणजोबांचं रिव्हॉल्व्हर तुझ्या हातांनी दुरुस्त झालं, डोळ्यांनी नाही.

अमेरिकेच्या यादवी युद्धातून घरी आलेलं ते ठासणीचं, स्फोटक टोपीवर उडणारं सहाबारी. आतली स्प्रिंग मोडलेली, त्यामुळे घोडा लुळा. तुझा थोरला भाऊ ओटिस म्हणाला, "शनिवारच्या नेमबाजीत याचे पाच बार काढ. नाहीतर देऊन टाकतो शहरातल्या दुकानदाराला." ओटिसने शब्द फिरवल्याचं गावात कुणाला आठवत नाही.

तू स्वयंपाकघरातलं टेबल अडवलंस. तेल लावून तांब्याच्या नाण्याने गंज खरवडलास, जुनी तपकिरी झाक मात्र राखलीस. लखलखीत करणाऱ्यांना तू माणसात धरत नव्हतास. दंताळ्याचा दात घासून स्प्रिंग केलीस. लाल तापवून तेलात बुडवली, परत हलकी तापवून पोलादावर हवा तो रंग चढू दिला, बसवली. तटकन मोडली. दुसरीचीही तीच गत.

गुरुवारी मी पर्सिमन फळांचं पुडिंग घेऊन आले, तर तू दंताळ्याला शिव्या देत होतास. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय मी. मोडका तुकडा उचलला.

"जांभळ्यावर थांबलास. ठिसूळ राहणारच. स्प्रिंग निळी व्हायला हवी."

"निळीच आहे ती."

"आणि तुझा हा शर्ट?"

"निळा. का?"

"जांभळा आहे, वर्लिन! मेरीने सांगितलं नाही कधी?"

"बायको होती ती, मास्तरीण नव्हती. पुडिंग ठेवा आणि निघा, बाई."

निघते कसली! तिसरी स्प्रिंग तू आचेवर धरलीस, मी शेजारी उभी.

"पिवळा... तपकिरी... जांभळा. थांब! हात हलवू नकोस... निळा! काढ!"

शनिवारी तू पाच घरं भरलीस, घोड्याखालचं सहावं, चुकून बार उडू नये म्हणून, रिवाजाप्रमाणे रिकामं. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला ओटिसचं तोंड उघडंच होतं. धाड! धुरातून त्याचा आवाज आला, "ठेव बाबा, तुझंच ते." आणि तू मला, सत्तरीतल्या बाईला, उचलून गरागरा फिरवलंस.

"सोड मेल्या! मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मी नेते."

"नक्की," म्हणालास.

पुढची अकरा वर्षं दर मंगळवारी तुझ्या गायी आजारी पडल्या.