पदर धरून उघडायचा फ्रीज

घोडेगावच्या बाजारात म्हैस घेताना तिचे दात तीनदा बघणाऱ्या घरातला मी. माणसांवरही मी सहजासहजी विश्वास टाकत नाही. दूधवाला असो की डॉक्टर, आधी संशय, मग राम राम.

गेल्या उन्हाळ्यात आईची खाट आतल्या खोलीत हलवली. तिच्या उशाशी लोखंडी कूलर ठेवायचा होता, पण खोलीत फ्रीजचं एकच सॉकेट. त्याच बोर्डावरून दुसरं काढायला गावातला वायरमन बोलावला. तो जन्मभर विहिरीवरच्या मोटारी जोडत आलेला. घरातलं काम याला कितपत जमणार, ही माझी पहिली शंका.

आल्याआल्या त्यानं मेन स्विच पाडला, फ्यूज उपसले आणि सदऱ्याच्या खिशात घातले. आमचे फ्यूज याच्या खिशात कशाला? मी विचारलंच.

"गुरुजी, कुनी चुकून परत लावले तर माजा जीव जायचा. काम हुईस्तवर ह्ये माज्यापाशीच."

पटलं, तरी मी स्टूल ओढून समोरच बसलो. त्यानं टेस्टर लावून खात्री केली, बोर्ड उघडला आणि आत डोकावला. मग म्हणाला, "मेनपासून नवी न्यूट्रल ओढावी लागंल."

घ्या! हवं होतं एक सॉकेट, आणि हा वायर ओढणार घरभर. काम वाढवायचा जुना डाव, मी मनात म्हटलं.

"दाखवा बरं," मी म्हणालो.

त्यानं दाखवलं. काळी न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटून लोंबत होती आणि तिचं काम अर्थिंगच्या हिरव्या वायरीवर टाकलेलं होतं. "रानात न्यूट्रल गेली की लोक आसंच अर्थिंगवर भागवत्यात. पन उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की करंट जमिनीत जात न्हाई, फ्रीजच्या पत्र्यावर येतो. हितं पान्याचा कूलर लावला आस्ता तर आई हाताला लागल्या नसत्या. कुनी क्येलंय ह्ये?"

"आधीच्या वायरमननं," मी झटकन म्हणालो. चोराच्या मनात चांदणं. आधीचा वायरमन कुठला! चार वर्षांपूर्वी याच स्टुलावर चढून ती वायर मीच जोडली होती, कारण परक्या माणसाच्या हातात बोर्ड द्यायला माझं मन धजत नव्हतं.

"करंट बसत न्हाई व्हय कुनाला?" वायरमननं विचारलं.

खाटेवरून आई म्हणाली, "मुंग्या येत्यात ना हाताला. म्हून तर पदर धरून दार उघडते. पन ह्यो म्हनतो, शुगरमुळं येत्यात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वायरमननं नवी न्यूट्रल ओढली, हिरवी वायर पुन्हा अर्थिंगला दिली, नवं सॉकेट बसवलं. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-पाणी त्यानं माझ्याकडूनच ओतून घेतलं. मग खिशातले फ्यूज लावले, नव्या-जुन्या दोन्ही सॉकेटवर बल्ब पेटवून बघितला.

"आई, आता पदर नको."

आईनं भीत भीत उघड्या हातानं फ्रीजचं दार धरलं. "न्हाई येत मुंग्या. शुगर उतरली व्हय रं माजी?"

"शुगर नव्हती ती, आई. वायर मीच चुकीची जोडली होती."

तिनं फ्रीजचं दार लावून टाकलं. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून दूध काढताना तिनं पुन्हा पदर धरला.

"अगं, त्यानं सगळं नीट केलंय," मी म्हणालो.

"त्याच्यावर इस्वास हाय माजा," ती म्हणाली. "पन घरात तू हायेस न्हवं."