शेजारच्या वाडीतली खाट

डहाणूजवळ आशागडला आमच्या शेजारच्या चिकूवाडीचे इराणी शेठ रोज कुंपणापाशी उभे राहून बशीतून चहा पितात आणि कॅनडातल्या लेकीची खबर देतात.

"तिकडे नवरोजला आमच्या लोकांनी हॉल भरून जातो, भाऊ. पण नातवाला शाळेत अजून विचारतात, तू कुठला? मला इथे कोण विचारतो? माझे आजोबा इराणहून आले, मी डहाणूचाच. फक्त आमची माणसं राहिली नाहीत."

परवा त्यांनी मला आणि वाडीवरच्या तीन गड्यांना बोलावलं. खाटेवर चिकूच्या करंड्या रचलेल्या होत्या. "उचला," म्हणाले. आम्ही ती खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत नेली. ते मागून चालत आले.

"बरोबर जमतंय. आमच्यात खांदा आमच्याच माणसांनी द्यायचा असतो. आता इथे चार जण निघत नाहीत. मी गेलो की तुम्हीच न्या."

मी हबकलो. खाट खाली ठेवायचंही मला सुचेना. सगळ्यात म्हातारा गडी मात्र शेठना खालीवर न्याहाळत म्हणाला, "शेठ, तुम्ही चौघांना झेपायचे नाहीत. अजून दोघं लागतील."

शेठ हसले नाहीत. "मग त्या दोघांना आजच विचारून ठेव," म्हणाले.