डाव्या हाताचं अक्षर

माझी मुलगी अकरावीत आहे आणि तिच्या हाताला शाई लागत नाही. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर टॅब्लेट आडवा ठेवून ती बसते, पांढऱ्या काडीसारख्या पेनाने काचेवर रसायनशास्त्राच्या नोट्स लिहिते, आणि मी मेथी निवडता निवडता तिच्या तळहाताच्या कडेकडे बघत राहते. ती डावखुरी आहे. डावखुऱ्या माणसाचा हात लिहिलेल्या ओळीवरूनच पुढे सरकतो, त्यामुळे कागदावर त्याचं लिहिणं आणि पुसणं एकाच वेळी चालू असतं. इथे मात्र हात काचेवर टेकला काय, घासला काय, अक्षर जागचं हलत नाही. टॅब्लेट पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्याने तिला विचारलं होतं, तुम्ही कोणत्या हाताने लिहिता? तिने डाव्यावर बोट ठेवलं आणि पुढे गेली. मी त्या प्रश्नापाशी अडकले ती अजून अडकलेलीच आहे. आमच्या घरात एकाला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

तसं पाहिलं तर कागदाचे गोडवे गाणाऱ्यांत मीही आहे. चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या वस्तीत मुलांना वह्या वाटायचे. त्या कोऱ्या वहीत नाक खुपसून घेतलेला वास मला अजून आठवतो, आणि पहिल्या पानावर नाव लिहिताना हात किती जपून चालायचा तेही. काचेवरच्या पानाला वास नाही, दुमडलेला कोपरा नाही, मागच्या पानावर उमटलेले वळ नाहीत. मुलीला हे सांगितलं की ती म्हणते, आई, तुझं सुरू झालं. ती हसते, मीही हसते. पण खरं सांगायचं तर कागदाने माझं जेवढं भलं केलं तेवढं माझ्या धाकट्या भावाचं केलं नाही. त्याच्या आठवणीत कागद म्हणजे मागे पडण्याची जागा.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. बदलापूरला बेलवलीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. दोन हजारच्या सुरुवातीची ती वर्षं. मी उल्हासनगरला कॉलेजात जात होते आणि तो चौथीत होता. शाळेतून आला की त्याच्या डाव्या हाताची कड पेन्सिलीच्या शिशाने चकाकत असायची. आई साबण लावून ती घासायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अक्षर मात्र सुरेख होतं. थोडं फरकटलेलं, पण मोत्याच्या दाण्यासारखं टपोरं. त्याला लिहायला आवडायचं. वर्तमानपत्रातल्या बातम्याच्या बातम्या तो उगाच उतरवून काढायचा.

बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायाने पेडल दाबायचं, वरून साचा खाली येणार. तिथे त्यांनी बोटं जाताना पाहिली होती. त्यांच्या शेजारच्या मशीनवरचा माणूस डावखुरा होता आणि एका पाळीत त्याची दोन बोटं गेली. त्या दिवशी बाबा घरी आले ते जेवलेच नाहीत. कोपऱ्यात भाऊ डाव्या हाताने गृहपाठ करत बसला होता, त्याच्याकडे बघत राहिले. मग आईला म्हणाले, "मशीन सगळी उजव्या हाताची असती. ह्याच्यासाठी उलटी कोन बनवनारे?"

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबांनी त्याच्या डाव्या हाताला रुमाल बांधायला सुरुवात केली. सकाळी कामाला निघण्याआधी बांधायचे, आणि दुपारपर्यंत उजव्या हाताने पाटी भरायची असं सांगून जायचे. त्यांनी कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. रुमालाची गाठ इतकी सैल असायची की नुसता हात झटकला तरी सुटली असती. पण ती बाबांनी मारलेली होती, एवढं त्याला पुरे होतं. तो पाटीवर वाकडीतिकडी अक्षरं काढायचा आणि मध्येच थांबून डाव्या हाताची बोटं रुमालात हलवून बघायचा. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो उजव्या हाताने लिहू लागला होता. बाबांनी आनंदाने पेढे आणले. आम्ही सगळ्यांनी खाल्ले, त्यानेही खाल्ला. त्यानंतर वर्तमानपत्र उतरवून काढताना मी त्याला पाहिलं नाही.

दहावीला त्याला अंबरनाथ पूर्वेच्या एका क्लासमध्ये घातलं. तिथल्या खुर्च्या उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून आणलेल्या होत्या, उजव्या बाजूला लिहायची फळी असलेल्या. प्रवेश घ्यायला बाबा बरोबर आले होते. त्यांनी त्या रांगांकडे बघितलं आणि मला कोपराने ढोसून दाखवलं, बघ, खुर्च्यासुद्धा उजव्याच. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते समाधान मला आजही रागावू देत नाही. जग त्यांना जसं दिसलं होतं तसंच ते निघालं होतं, आणि पोराला त्यांनी वेळेवर त्या मापात बसवलं होतं.

क्लासचे सर नोट्स सांगायचे आणि मुलं उतरवून घ्यायची. सरांचा वेग गाडी पकडायची असल्यासारखा. भावाचा उजवा हात तिसऱ्या ओळीलाच मागे पडायचा. मग तो मधली ओळ सोडून पुढची धरायचा, पुढची अर्धी राहिली की तिसरीकडे उडी. त्याच्या वह्यांत लिहिलेल्यापेक्षा गाळलेल्या जागा जास्त. नोकरीवरून परतल्यावर मी शेजारच्या मुलाची वही मागून त्या जागा भरून द्यायची. पण परीक्षेच्या हॉलमध्ये बहीण जात नाही. बोर्डाचे बहुतेक पेपर त्याचे अर्धवट राहिले. त्याला डिप्लोमाला जायचं होतं, इलेक्ट्रिकल घ्यायचं असं आठवीपासून ठरलेलं. निकालाच्या दिवशी तो गॅलरीत उभा होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "मला येत होतं, ताई. हात पोचला नाय."

डिप्लोमा मिळाला नाही. पुढे तो एका मेकॅनिकच्या हाताखाली शिकला, आता बदलापूर ते वांगणी एसी-फ्रिज दुरुस्तीची त्याची चांगली चालती कामं आहेत. पाना, पकड, स्क्रूड्रायव्हर सगळं डाव्या हातात. फक्त पेन धरायची वेळ आली की ते उजव्यात जातं आणि खांदा आखडतो. माझ्या मुलीला टॅब्लेट त्यानेच घेऊन दिला. बाबा दहाही बोटं शाबूत ठेवून निवृत्त झाले आणि त्याचं श्रेय ते उजव्या हाताला देतात. नात डाव्या हाताने लिहिते, तिला ते काही म्हणत नाहीत. आता कुठं मशीनवर बसायचंय कुनाला, एवढंच एकदा पुटपुटले होते.

गेल्या रविवारी बाबा आणि भाऊ दोघं आमच्याकडे जेवायला आले होते. जेवणं झाल्यावर मुलीने मामाच्या हातात ते पेन दिलं. त्याने सवयीने उजव्या हातात घेतलं, तर ती म्हणाली, मामा, डाव्याने लिही ना, पुसत नाही ते. तो लाजल्यासारखा हसला. मग त्याने पेन डाव्या हातात घेतलं. आधी शिरोरेघ ओढली, उजवीकडून डावीकडे, आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगत गेला. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेच्या वहीवर लिहितात तसं पूर्ण.

मुलगी हसून म्हणाली की हे तर लहान मुलाचं अक्षर आहे. होतंच. टपोरं, गोलसर, थोडं वर चढत गेलेलं. मी वाकून पाहिलं. तो पस्तिशीकडे झुकलाय, कपाळावरचे केस मागे गेलेत, पण त्या हाताचं वय वाढलेलंच नव्हतं. त्याला पुढे कुणी लिहूच दिलं नव्हतं. उजव्या हाताने दहावी गाठली, सह्या केल्या, बिलं फाडली. डावा चौथीच्या सुट्टीत थांबला तो तिथेच होता, सुबक आणि नऊ वर्षांचा.

बाबांनी चष्मा पुसून टॅब्लेट जवळ ओढला. मधोमध त्यांचं स्वतःचं नाव होतं. त्यांना वाटलं नातीनेच गमतीने लहान मुलासारखं लिहिलं असेल. कुणी लिहिलं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा भाऊ म्हणाला की मीच, आत्ता. बाबा बराच वेळ त्या अक्षरांवर बोट न टेकवता, हवेतच बोट फिरवत राहिले.

"केवढासा होतास रे तू," ते म्हणाले.

भाऊ त्यांच्याजवळ खुर्ची सरकवून बसला. "चौथीत होतो, बाबा," तो म्हणाला. मग कितीतरी वेळ दोघंही त्या पानाकडे बघत बसले, आणि मुलीला तिच्या नोट्स पूर्ण करायच्या होत्या तरी तिने टॅब्लेट परत मागितला नाही.