चिंचेत शिजवलेला व्हॉल्व्ह

गेज ग्लासमधलं पाणी खाली चाललं होतं. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते या काचेच्या नळीत दिसतं. ते दिसेनासं झालं की बॉयलरसमोर कुणी उभं राहू नये. पंप चालू होता, आवाजही ठीक होता, पण पाणी आत जात नव्हतं. मी भट्टीतला विस्तव ओढून काढायला लावला.

सोलापूरची एक कापड गिरणी, वर्ष बहात्तरच्या दुष्काळाचं. मी असिस्टंट इंजिनिअर. बिघाड कुठे आहे ते मला ठाऊक होतं, कारण आदल्याच दिवशी दुसऱ्या पंपाचं हेच झालं होतं. पंप आणि बॉयलरच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. तो पाण्याला आत जाऊ देतो, परत येऊ देत नाही. त्याच्या झडपेवर क्षारांचा थर चढून ती जाम झाली होती. तो थर मी छिन्नीने उडवायला गेलो आणि झडप जिच्यावर बसते ती सीटच फोडली. नवा व्हॉल्व्ह मुंबईहून यायला पंधरा दिवस. आता हा एकच उरला होता. तो गेला तर वाफ बंद, सुताला खळ बंद, बदली कामगार घरी. त्यांच्या आधी बहुधा मी.

व्हॉल्व्ह खोलून टेबलावर ठेवला आणि माझा हात पुन्हा छिन्नीकडेच गेला.

"ती नगा लावू, सायेब," सिद्राम मिस्त्री म्हणाले. आमचे सर्वांत जुने फिटर, मंगळवेढ्याकडचे. "कँटीनमधनं चिंच मागवा की. लई लागंल."

"चिंच?"

"आमच्याकडं पाण्याच्या बंबाला असाच दगुड धरतो. आई चिंच उकळून वतायची. तांब्याला वरखडा बी न्हाय यायचा."

दुसरा उपाय माझ्याकडे नव्हता. पिंपात चिंच उकळली, व्हॉल्व्ह आत सोडला. वासावर मॅनेजर आले.

"इथे आमटी चाललीय का?"

"व्हॉल्व्ह शिजतोय, साहेब," मी म्हणालो. ते हसले नाहीत.

तीन तास झाले. मिस्त्रींनी व्हॉल्व्ह बाहेर काढला, कडेला अंगठ्याचं नख घातलं, आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा थर सुटला. पुन्हा बुडवायचा, पुन्हा नख. शेवटी खालची सीट दिसली, पिवळीधमक, एक ओरखडा नाही. मी कॉलेजात धातू शिकलो होतो. तरी त्या अंगठ्याकडे तोंड उघडं ठेवून बघत राहिलो. निघालेला तुकडा हातात घेतला, तर चक्क दगड. विहिरीच्या स्वच्छ पाण्यातून तीन आठवड्यांत एवढा दगड तयार होतो, हे मला खरंच वाटेना.

संध्याकाळी वाफ चढली.

"तळं आटल्यावर हे विहिरीचं पाणी पास कुणी केलं?" मॅनेजरांनी विचारलं.

"मी."

"टेस्ट कुठली केली?"

"पेलाभर पिऊन बघितलं होतं. गोड लागलं."

दुसऱ्या दिवशी पाण्याचा नमुना लॅबला गेला, घेऊन जायला त्यांनी मलाच पाठवलं. माणसाला मानवणारं पाणी बॉयलरला मानवेलच असं नाही, एवढं मी त्या नोकरीत शिकलो. नोकरी राहिली ती मिस्त्रींच्या आईमुळे.