राघूसाठी अडकित्ता

सासरे गेल्यावर सासूबाई कुंभारीहून सोलापुरात आमच्याकडे राहायला आल्या, त्या मांडीवर राघूचा पिंजरा घेऊनच. राघू सासऱ्यांचा. त्यांच्या खांद्यावर बसून तो शेतावर जायचा. त्यांच्या माघारी त्याने कुणाच्याच हातावर पाय ठेवला नव्हता. आमच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि सासूबाई त्याच्याकडे तोंड करून. शेजार सगळा तेलुगू विणकरांचा, त्यामुळे दारात बसून गप्पा मारायचीही सोय नाही.

"ह्याला हितं करमंना, मलाबी न्हाय," त्या म्हणायच्या. "आमाला गावाकडं पोचवा."

गावचं घर बंद होतं. तिथं त्यांना एकटीला पाठवायची माझी तयारी नव्हती. राघू माणसाळला तर त्याही रुळतील, असं मी धरून चालले.

शिकवायचं सामान घरातच शोधलं. बसायची दांडी म्हणून लाटणं धरलं, तर ते इतकं गुळगुळीत की राघू घसरला. मग सरपणातली बाभळीची काठी काटे तासून घेतली. तिच्यात नखं नीट रुतली. पितळी वाटीत दाणे ठेवले, तर वाटीतला दुसरा राघू पाहून तो फुगून बसला. तिच्या जागी करवंटी आली. शेजारणीने सुताची रिकामी कांडी खेळायला दिली होती, पण तिला लाल रंग लागलेला. चोचीत गेला असता, म्हणून ती परत केली.

काठी पुढे करायची, तो चढला की शेंगदाणा द्यायचा. हळूहळू तो काठीवरून माझ्या मनगटावर यायला लागला. मग मी काठी सासूबाईंच्या हातात दिली. राघू जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच.

"तुज्याकडं येतोय की. माजंच काय वंगाळ हाय?"

"दम धरा, आत्याबाई. काठी हलवू नका."

"काठी कुटं हलतीय? तू हात फुडं केलास की बांगड्या वाजत्यात, मग त्यो येतोय. माज्या हातात काय वाजतंय?"

 शेंगदाण्याबरोबर मी त्याला बांगड्यांचा आवाज शिकवला होता, आणि त्यांच्या बांगड्या सासऱ्यांमागे फुटल्या होत्या. समजूत घालण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना वाजवता येईल अशी वस्तू शोधायला उठले.

तव्यावर उलथणं वाजवलं, तर राघू पिंजऱ्याच्या कोपऱ्यात. किल्ल्यांच्या खुळखुळाटालाही तो बिचकला. मग फडताळात अडकित्ता सापडला. उघडमीट केली की हलका, एकसारखा टक् आवाज. राघूने मान तिरकी केली. सासूबाईंनी अडकित्ता माझ्या हातून काढून घेतला.

"तू लांब बस. तुज्या बांगड्या नकोत मदी."

मी चुलीपाशी हात मांडीवर ठेवून बसले. टक्, दाणा. टक्, दाणा. असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी त्याने काठीवर एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, आणि चालत त्यांच्या रिकाम्या मनगटावर गेला. त्यांनी हात तसाच धरून ठेवला.

"नखं वाढल्यात ह्याची," त्या म्हणाल्या. मग एक दाणा स्वतः चावून म्हणाल्या, "आन् ह्ये शेंगदाणं खवट हायत. असलं देत व्हतीस व्हय त्याला?"

शेजारीण बाजाराला निघालीच होती. त्या तिच्याबरोबर गेल्या, आल्यापासून पहिल्यांदाच. एकीला तेलुगू येत नव्हतं, दुसरीला मराठी मोडकंतोडकं. दुपार कलल्यावर सासूबाई पदरात शेंगा बांधून परत आल्या.

"हितलं दुकानदार लई लबाड," उंबऱ्यात बसत त्या म्हणाल्या. "फुडच्या बाजाराला तू जाऊ नगंस. मीच जाईन."