बोर्डाला न दिसलेली ड्राइव्ह

सोबतचं माहितीपुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय कुठलीही वस्तू सुरू न करणारा इंदुरात एकच गृहस्थ आहे, आणि ते नेमके माझे साडू आहेत. वीज खात्यातून निवृत्त झालेले, परदेशीपुऱ्यात राहणारे, खिशात कायम भिंग. आमच्याकडे वॉशिंग मशीन आलं तेव्हा त्यांनी आम्हाला बटणाला हात लावू दिला नाही. घरभर मळके कपडे आणि मधोमध खुर्चीत हे, इंग्रजी मजकूर हिंदीशी ताडून बघत. "हिंदीत एक सूचना ज़्यादा आहे," ते गंभीरपणे म्हणाले, आणि ती खरोखरच जास्त होती.

मी अगदी उलटा. एकदा माउस स्वतःच्या हाताने बदलला, तेव्हापासून मी स्वतःला कॉम्प्युटरमधला जाणकार समजतो. माझा कॉम्प्युटर फारच रेंगाळायला लागला, तेव्हा त्यात नवी ड्राइव्ह घालायचं ठरवलं आणि शिष्टाचार म्हणून साडूंना विचारलं. ते म्हणाले, "आधी मदरबोर्डचं पुस्तक काढा. बोर्ड कुठली ड्राइव्ह ओळखतो ते बघू, फिर बाज़ार जाऊ." मला हसू आलं. ड्राइव्ह म्हणजे काय वऱ्हाडी आहे, ओळख पटवायला? मी एकटाच पलासियाच्या बाजारात गेलो आणि खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा छापलेली एसएसडी, म्हणजे वेगवान ड्राइव्ह, उचलली. "बोर्ड कौन सा है भिया?" दुकानदाराने विचारलं. "अच्छा वाला," मी म्हणालो.

ड्राइव्ह बोर्डावरच्या खाचेत अशी चपखल बसली की मी बायकोला मुद्दाम बोलावून दाखवली. फक्त कॉम्प्युटरला ती दिसेना. मी काढली, पुसली, फुंकली, परत बसवली. शेवटी माल खराब निघाल्याचं जाहीर केलं. बायकोने मला न विचारता साडूंना फोन लावला.

ते आले, माळ्यावरून बोर्डाचं पुस्तक काढायला लावलं आणि वाचत बसले. दोनदा चहा झाला. मग एका ओळीवर भिंग ठेवून म्हणाले, "या खाचेत जुन्या पद्धतीची, सॅटावाली एसएसडीच चालते. तुमची नव्या पद्धतीची, एनव्हीएमई आहे. बसते, पण बोर्डाला समजत नाही."

"म्हणजे ड्राइव्ह खराब नाही?" मी विचारलं.

"ड्राइव्ह चांगलीच आहे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "घेणाऱ्याचं बघायला हवं."

खोकं फोडलेली ड्राइव्ह दुकानदार परत घेईना. मग माझ्याच प्रोसेसरला आणि रॅमला चालेल, पण ही ड्राइव्हही ओळखेल, असा बोर्ड शोधत आम्ही चार दिवस स्कूटरवरून दुकानं पालथी घातली. साडू प्रत्येक ठिकाणी आधी पुस्तक मागायचे, मग बोर्ड. दुकानदार माझ्याकडे सहानुभूतीने बघायचे. बोर्ड मिळाला, साडूंनी तो बसवला, जुनं सगळं नव्या ड्राइव्हवर उतरवलं, आणि बटण दाबून मी चष्मा डोळ्यांवर चढवतो तोवर कॉम्प्युटर सुरू.

साडू पडद्याकडे बघत उभे राहिले. ताई, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून परदेशीपुऱ्यातल्या घरी ते एकटेच असतात. ह्या खटपटीत ते रोज आमच्याकडे येत होते, जेवत होते, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं. "झालं मग," ते भिंग खिशात ठेवत म्हणाले. "चलतो."

"प्रिंटर जरा त्रास देतोय," मी म्हणालो. प्रिंटर उत्तम चालत होता.

त्यांनी प्रिंटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी थाप त्यांना कळली असावी.

"उद्या बघतो," ते चपला घालत म्हणाले. "आजच केलं तर संपून जाईल ना, भिया."